बारी बारा सेकंदांची, जाहिरात पंधराची

एसटीत असाल, मोटार चालू करून बांधावर बसला असाल, नाहीतर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल. जिथं असाल तिथं हेडफोन नीट लावा. आजचा विषय असा आहे की त्यावर प्रत्येकाकडं एक शिवी तयार असते. जाहिरात. व्हिडिओच्या मधे येणारी जाहिरात.

आधीच सांगतो, मी आज जाहिरातींच्या नावानं खडे फोडायला बसलेलो नाही. आणि 'बिचाऱ्या कंपन्यांनी काय खायचं' असं म्हणायलाही नाही. माझा प्रश्न साधा आहे. काही जाहिराती आपण निमूट बघतो आणि काहींनी डोक्यात तिडीक जाते. दोन्ही वेळा कार्यक्रम थांबतोच की. दोन्ही वेळा कुणीतरी आपल्याला काहीतरी विकतच असतं. मग फरक नेमका कुठं पडतो?

याचं उत्तर शोधायला आपण लगेच यूट्यूबवर जायचं नाही. आधी जुन्नर-आंबेगावच्या यात्रेत जायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा बोर्ड, आत मॅनेजर. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं येतात, यात्रेची तारीख सांगतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. असा सुपारीचा तमाशा गावात आला की बघायला तिकीट नसतं, कारण पैसे गावानं वर्गणीतून भरलेले असतात. दुसरा प्रकार तंबूतला. तिथं कनात लागते आणि तिकीट काढूनच आत जायचं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर यात्रेतला तमाशा. गण झाला, गवळण झाली, आता गाणी रंगात आलीत. आणि मधेच माइकवरून नाव येतं. अमुक वाडीचे अमुक शेठ, यांच्याकडून शंभर रुपये बक्षीस. गाणं थांबतं, नोट घेतली जाते, नाव पुकारलं जातं, ढोलकी पुन्हा सुरू. याला जुना शब्द आहे, दौलतजादा. दुसऱ्या दिवशी हगामा असतो. तिथं तर प्रत्येक कुस्तीला कुणाचं ना कुणाचं नाव. ही कुस्ती अमक्याकडून पाचशे रुपयांची, ती तमक्याकडून हजाराची. आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटात गेलात तर बघायलाच नको. खतांचं दुकान, हॉटेल, सराफ, आजी सरपंच, माजी सरपंच आणि पुढच्या वेळचे इच्छुक, सगळ्यांची नावं दिवसभर भोंग्यावर.

आता मला सांगा, ही जाहिरात नाही तर काय आहे? पैसे द्यायचे आणि गर्दीसमोर आपलं नाव घेऊन घ्यायचं. शुद्ध जाहिरात आहे. पण नावं पुकारली म्हणून कुणी उठून घरी जात नाही. फार झालं तर मागून एखादा ओरडतो, "आता बास की!" आणि सगळे हसतात. बस, एवढंच.

लोक हे का चालवून घेतात? मला चार कारणं दिसतात.

पहिलं, देणारा कोण आहे ते माहीत असतं. त्याचं दुकान कुठं आहे, त्यानं गेल्या वर्षी किती दिले होते आणि यंदा हात का आखडला, सगळं माहीत असतं. नाव ऐकताना सुद्धा एक वेगळी करमणूक चाललेली असते.

दुसरं, पैसा कुठं गेला ते डोळ्यांना दिसतं. नोट त्याच्या हातातून निघाली आणि स्टेजवर पोचली. मधे अंधार नाही.

तिसरं, बघणाऱ्यानं तिकीट काढलेलं नाही. कुणाच्या तरी पैशावर आपण बघतोय याची जाणीव असते. मग त्याचं नाव दोनदा जास्त ऐकलं तर बिघडलं कुठं?

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कधी थांबायचं हे तिथं एक माणूस ठरवतो, आणि तो माणूस स्वतः कार्यक्रम बघत असतो. घाटातला निवेदक दहा देणगीदारांची नावं वाचेल, पण कधी? बैल जुंपले जात असताना. गाडा सुटला की त्याच्या तोंडात दुसरं काही नसतं. भिर्रर्र! घोडी पुढं, बैल मागं, निशाण पडेपर्यंत तो फक्त बारीचं बोलतो. त्या वेळी त्यानं खताच्या दुकानाचं नाव घेतलं असतं तर लोकांनी त्यालाच घाटातून खाली पळवला असता.

आता त्याच घाटातनं तुमच्या फोनवर या.

बैलगाडा शर्यतींचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्या बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं त्यांना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात आपल्या सगळ्यांच्या हातात स्वस्त डेटा आला होता. त्यामुळं शर्यती परत आल्या त्या कॅमेरा घेऊनच. आज घाटावर गर्दी असतेच, शिवाय पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली पोरं लाइव्ह बघतात.

पण बारी किती वेळ चालते? चांगला गाडा बारा-तेरा सेकंदांत घाट मारतो. आणि यूट्यूबची स्किप न होणारी नेहमीची जाहिरात असते पंधरा सेकंदांची. म्हणजे ती चुकीच्या ठिकाणी आली तर बारी अर्धवट कापली जाते असं नाही, अख्खी बारीच गिळली जाते. तुम्ही परत येता तेव्हा बैल वर पोचलेले, धुरळा खाली बसतोय आणि लोक टोप्या उडवतायत. कशासाठी, ते तुम्हाला कळत नाही.

हा आपला पहिला मोठा धागा. राग थांबण्याचा कमी असतो. कुठं थांबवलं, त्याचा जास्त असतो.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, म्हणून यंत्राची बाजूही सांगतो. व्हिडिओ आठ मिनिटांपेक्षा मोठा असला की यूट्यूबवर मधे जाहिरात टाकता येते. २०२० पर्यंत ही मर्यादा दहा मिनिटांची होती. जाहिरातीच्या जागा चॅनेलवाला स्वतः ठरवू शकतो किंवा यंत्रावर सोडू शकतो. चार तासांच्या शर्यतीत कोण बसून जागा ठरवणार? मग यंत्र ठरवतं. यंत्राला आवाज कळतो, दृश्य कधी बदललं ते कळतं. २०२५ मध्ये तर यूट्यूबनं जाहीरच केलं की आता जाहिराती बोलण्याच्या किंवा दृश्याच्या नैसर्गिक विरामात टाकायचा प्रयत्न करू, वाक्याच्या मधे नको. चांगली गोष्ट आहे. पण गंमत बघा, गाडा सुटायच्या आधी घाटात एक क्षण शांतता पसरते. यंत्राला ती शांतता विराम वाटू शकते. आपल्यासाठी तो श्वास रोखायचा क्षण असतो.

तुम्ही म्हणाल, टीव्हीवर पण तर ब्रेक यायचे. खरंय. आणि त्याच्याही आधी रेडिओवर होते. आपल्याकडच्या करमणुकीत जाहिरात कशी शिरली ते एकदा झरझर बघू.

१९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी. बिनाका म्हणजे टूथपेस्ट. कार्यक्रमाच्या नावातच जाहिरात! त्याचा कुणाला राग आला का? लोकांनी ते नाव डोक्यावर घेतलं. पुढं १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. म्हणजे रेडिओवरच्या जाहिरातीचा हा प्रयोग सरकारनं आधी आपल्यावरच केला. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिरात आली. १९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका आली ती प्रायोजक घेऊनच, आणि प्रायोजक होता दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सचा.

मग केबल आली, चॅनेलं वाढली आणि ब्रेक वाढत गेले. सरकारी नियम असा आहे की तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको. दहा मिनिटं दुसऱ्यांची आणि दोन मिनिटं चॅनेलच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. ट्रायनं २०१३ मध्ये त्याची कडक अंमलबजावणी करायला घेतली, तर वाहिन्या कोर्टात गेल्या. म्हणजे बारा मिनिटं सुद्धा कमी पडत होती!

तरीही घरात टीव्हीच्या ब्रेकवर एवढी चिडचिड नव्हती. का? कारण ब्रेक आपला असायचा. मालिकेत सून दार उघडणार, तेवढ्यात ब्रेक, आणि घरातून आवाज, "ब्रेक आहे तोवर कुकर लाव गं." कुणी पाणी प्यायचं, कुणी गोठ्यात डोकावून यायचं, कुणी सुनेचं चुकलं की सासूचं यावर वाद घालायचं. टीव्ही तिकडं साबण विकत बसायचा आणि आपण मोकळे असायचो. ब्रेकमध्ये आपल्याला जाहिरात बघायची सक्ती नव्हती.

फोनवर उलटं झालं. पंधरा सेकंदांत कुकर लावून होत नाही. गोठ्यात जाऊन येता येत नाही. आणि पाच सेकंदांनी स्किपचं बटण येणार म्हणून अंगठा तिथंच टेकवून बसावं लागतं. टीव्हीच्या ब्रेकनं माणसाला सोडलं होतं, फोनच्या ब्रेकनं धरून ठेवलं. वेळ कमी झाला आणि त्रास वाढला, त्याचं कारण हे आहे. शिवाय फोनवर आपण एकटे असतो. "आता बास की!" असं ओरडायला मागं कुणी नाही आणि हसायलाही कुणी नाही.

त्यात भर म्हणजे तो सगळ्यांचा अनुभव: रेंज नाही, व्हिडिओ गोल गोल फिरतोय, पण जाहिरात मात्र चकाचक चालते. यात कट नाही बरं का. एकच जाहिरात लाखो लोकांना दाखवायची असते, त्यामुळं तिची प्रत आपल्या जवळच्या सर्व्हरवर ठेवलेली असते. शिवाय ती छोटी असते. तुमच्या गावच्या यात्रेचा व्हिडिओ बघणारे मोजके, तो लांबून येतो. कारण साधं आहे, पण ऐन आहुपे-भीमाशंकरच्या पट्ट्यात एक काडी रेंज धरून बसलेल्या माणसाला वाटणारच, की माझ्यासाठी नेट नाही आणि साबणासाठी आहे.

आता त्या तंबूच्या तमाशाकडं येऊ. तिकीट काढलेला प्रेक्षक. याचा हिशोब वेगळा असतो. मी पैसे दिलेत, आता माझा वेळ माझा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या ग्राहक आयोगाचा एक निकाल गाजला होता, आठवतोय? एका प्रेक्षकाची तक्रार होती. तिकिटावर खेळाची वेळ चार वाजून पाच मिनिटं, आणि सिनेमा सुरू झाला साडेचारला. मधली पंचवीस मिनिटं जाहिराती आणि ट्रेलर. आयोगानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, नुकसानभरपाई द्यायला सांगितली, आणि तिकिटावर सिनेमाची खरी वेळ छापा असंही सांगितलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणजे तो काही शेवटचा शब्द नव्हे. पण देशभर लोकांनी ती बातमी एकमेकांना पाठवली, कारण प्रत्येकाच्या मनातलं कुणीतरी बोललं होतं.

ओटीटीचंही तसंच. प्राइम व्हिडिओवर भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती दिसायला लागल्या. ज्यांनी वर्गणी भरली होती त्यांनाही. नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये आणखी भरा, असं तेव्हा सांगितलं होतं. इथं चिडायला कारण काय? रक्कम फार मोठी नाही. चीड येते ती बोली बदलल्याची. सुपारी ठरली एक आणि स्टेजवर आल्यावर अटी दुसऱ्याच. नारायणगावच्या राहुटीत कुणी असं केलं तर पुढच्या पाडव्याला कमिटी त्याच्या राहुटीकडं बघणारही नाही.

याच्या उलट उदाहरण बघा. २०२३ ला जिओसिनेमानं आयपीएल फोनवर फुकट दाखवली. जाहिरातींचा पाऊस होता. ओव्हर संपली की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात. लोकांनी बघितली की! कारण बोली स्पष्ट होती: मॅच फुकट, बदल्यात जाहिरात. आणि क्रिकेटमध्ये थांबायच्या जागा खेळातच असतात. आयपीएलनं तर २००९ पासून स्ट्रॅटेजिक टाइमआउट नावाची जागा मुद्दाम तयार केली. नाव डावपेचांचं, काम जाहिरातीचं. सगळ्यांना ते कळतं, आणि सगळे त्या वेळात चहा टाकतात.

इथं एक वेगळाच अभ्यास सांगतो. २००९ मध्ये लीफ नेल्सन, टॉम मेव्हिस आणि जेफ गॅलक या तीन संशोधकांनी टीव्हीच्या प्रेक्षकांवर प्रयोग केले. लोकांना आधी विचारलं, कार्यक्रम जाहिरातींसह आवडेल की जाहिरातींशिवाय? अर्थातच बहुतेकांचं उत्तर, जाहिरातींशिवाय. मग काहींना जाहिरातींसह दाखवला, काहींना सलग. नंतर विचारलं, किती मजा आली? तर जाहिरातींसह बघणाऱ्यांना जास्त मजा आली होती! त्यांचं म्हणणं असं, की एखादी चांगली गोष्ट सलग चालू राहिली की आपण तिला सरावतो, तिची गोडी उतरते. मधे खंड पडला की गोडी पुन्हा ताजी होते. अर्थात हे प्रत्येक कार्यक्रमाला आणि प्रत्येक वयाच्या माणसाला लागू पडत नाही, हेही त्यांनीच दाखवलं.

तमाशावाल्यांना हे कुणी शिकवायची गरज पडली नाही. दोन गाण्यांच्या मधे सोंगाड्याची बतावणी का येते? माणसाला दम खाऊ द्यायला आणि पुढच्या गाण्याची भूक लागू द्यायला. म्हणजे खंड पडणं वाईट नाही. खंड पाडणाऱ्याला कार्यक्रम कळत नसेल तर वाईट.

आता जरा गंभीर मुद्दा. विश्वासाचा.

तुम्ही अनुभवलं असेल, एखादा यूट्यूबर स्वतःच्या तोंडानं सांगतो, "आजचा व्हिडिओ अमुक कंपनीच्या सौजन्यानं," तेव्हा आपण ते जास्त सहन करतो. पुढं ढकलतो कधी कधी, पण शिव्या देत नाही. कारण तो आपला माणूस आहे, त्याला चार पैसे मिळतायत, बरं झालं. घाटातल्या निवेदकासारखंच हे. पण याच जागेवर सगळ्यात मोठा दगाफटका होतो. गेली काही वर्षं रमी आणि पैशांच्या खेळांच्या जाहिराती आपल्याच भाषेत, आपल्याच बोलीत बोलणाऱ्या पोरांकडून कशा करून घेतल्या गेल्या, ते आपण बघितलंय. 'मी तर रोज जिंकतो' म्हणे. परक्या नटानं सांगितलं असतं तर गावातल्या पोरानं कानाआड केलं असतं. आपल्यातल्यानं सांगितलं म्हणून ऐकलं, आणि कांद्याच्या पट्टीचे पैसे एका रात्रीत फोनमध्ये गेले.

जाहिरातींवर नजर ठेवणारी आस्की नावाची उद्योगाचीच एक संस्था आहे. पैसे घेऊन पोस्ट केली असेल तर तसं ठळक लिहा, असा नियम तिनं २०२१ मध्ये सोशल मीडियावरच्या मंडळींसाठी केला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदाच केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, त्यांची जाहिरातही बंद. म्हणजे बघा, काही जाहिरातींचा राग नुसता वैताग नसतो. तो बरोबर असतो. देणगीदाराचं नाव पुकारणाऱ्यानं देणगी कशाची आहे हेही बघायला पाहिजे.

आता आपण दौलतजादाकडं परत जाऊ, कारण खरा मुद्दा तिथंच आहे. नोट कुणाच्या हातात पडते?

यूट्यूबची व्यवस्था अशी. चॅनेलला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं गेल्याची नोंद झाली, की मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींत त्याला वाटा मिळू शकतो. शंभर रुपये आले तर पंचावन्न चॅनेलचे आणि पंचेचाळीस यूट्यूबचे. पाच सेकंदांनी सोडता येणारी जाहिरात यूट्यूबनं २०१० मध्ये आणली, तेव्हाची मूळ बोली अशी होती: तुम्ही तीस सेकंद किंवा पूर्ण जाहिरात बघितली तरच जाहिरातदार पैसे देणार. तुम्ही स्किप केलं तर त्याचेही वाचले. एका परीनं हा सगळ्यात सभ्य करार होता, कारण 'नको' म्हणायचा हक्क त्यात होता.

म्हणजे घाटावर सकाळपासून उन्हात तिपाई लावून उभा असलेला आपला पोरगा, त्याचा कॅमेरा, त्याचा डेटा, त्याचं पेट्रोल, यातलं काही ना काही त्या वैतागवाण्या पंधरा सेकंदांतून निघतं. आपण जाहिरात अडवणारं ॲप टाकलं की मोठ्या कंपनीचं काय व्हायचं ते होवो, पण ह्याचे पंचावन्न टक्के आधी जातात. यूट्यूब प्रीमियम घेतलं तर मात्र वर्गणीतला काही भाग बघितलेल्या वेळेनुसार चॅनेलला मिळतो. प्रत्येकाला ते परवडेल असं नाही, मी आग्रह करत नाहीये. फक्त पैसा कुठनं कुठं जातो ते माहीत असावं.

पण आता तमाशाचं बघा. यात्रेत फड नाचतोय. समोर शंभर मोबाइल वर. त्यातला एक जण पूर्ण लावणी रेकॉर्ड करतो, चटकदार नाव देतो, चॅनेलवर टाकतो. व्हिडिओ चालतो. त्याच्या आधी जाहिरात, मधे जाहिरात. पैसे कुणाला? चॅनेलवाल्याला आणि यूट्यूबला. नाचणाऱ्या बाईला? ढोलकीवाल्याला? फडमालकाला? एक रुपया नाही. मोठ्या म्युझिक कंपनीचं गाणं कुणी वापरलं तर यंत्र ते आपोआप ओळखतं आणि जाहिरातीचा पैसा कंपनीकडं वळवता येतो. त्या व्यवस्थेला कंटेंट आयडी म्हणतात. पण ती मिळते मोठा साठा असणाऱ्यांना. राहुटीत बसलेल्या फडाच्या मॅनेजरला कुठून मिळणार? त्यानं फार तर फॉर्म भरून एकेक व्हिडिओ काढायला लावायचा. रोज नवं गाव, रोज नवा व्हिडिओ. कुठं कुठं पुरा पडणार?

यूट्यूबनं २०१७ मध्ये सुपर चॅट आणलं. लाइव्ह चालू असताना पैसे द्यायचे, तुमचं नाव रंगीत पट्टीत झळकतं आणि समोरचा ते वाचतो. मला तर हसूच आलं होतं. अहो, ही तर दौलतजादा! जगातल्या सगळ्यात मोठ्या व्हिडिओ कंपनीला जे २०१७ मध्ये सुचलं ते आपल्या फडात पिढ्यान् पिढ्या चालू होतं. फरक एकच. आपल्याकडं नोट कलावंताकडं जायची.

माझं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं. जाहिरात मधे आली की आपण फक्त स्वतःचे पंधरा सेकंद मोजतो. ते मोजा, तो आपला हक्कच आहे. चुकीच्या जागी थांबवलं तर चिडा. पैसे भरूनही जाहिरात दाखवली तर वर्गणी बंद करा. रमीची आली तर रिपोर्टचं बटण दाबा, ते असतं तिथंच, तीन टिंबांच्या मागं. पण एक प्रश्न आणखी विचारायची सवय लावा: माझ्या या पंधरा सेकंदांचे पैसे कुणाला गेले? ज्याचा गाडा पळाला, जिनं नाच केला, ज्यानं उन्हात उभं राहून शूट केलं, त्यांच्यापैकी कुणाला काही मिळालं का?

हे तपासायला दहा सेकंद लागतात. व्हिडिओखालचं चॅनेलचं नाव बघायचं. काही फडांची, काही कलावंतांची स्वतःची चॅनेलं आहेत. तीच लावणी तिथं असेल तर तिथं बघा. आणि तिथं जाहिरात आली तर, जमलं तर, ती पूर्ण होऊ द्या. स्किपकडं गेलेला अंगठा तेवढ्यापुरता मागं घ्या. तुमच्या खिशातून काही जात नाही, आणि शंभरातली नोट थोडी का होईना, स्टेजच्या दिशेनं सरकते.

गावच्या यात्रा कमिटीत तुमचे मित्र असतील तर त्यांच्याशी पण बोला. सुपारी ठरवताना रेकॉर्डिंगचं काय, ते त्याच कागदावर लिहून घेता येईल. कोण शूट करणार, कुठल्या चॅनेलवर टाकणार, जाहिरातीचं उत्पन्न आलं तर फडाला किती. तारीख आणि रक्कम लिहितोच की आपण, त्याखाली आणखी दोन ओळी. घाटावरच्या लाइव्हवाल्यालाही सांगता येईल, बाबा रे, जाहिरात गाडे जुंपताना टाक, बारी सुटल्यावर नको. आपल्या निवेदकाला जे कळतं ते यंत्राला शिकवायला वेळ लागेल. तोवर माणसानं माणसाला सांगायला काय हरकत आहे?

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावच्या यात्रेत सगळ्यात भारी देणगीदार कोण आणि निवेदक त्याचं नाव कसं घेतो, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक आवाज पुढच्या भागात ऐकवतो. नेहमीसारखे मधे न थांबवता.

भेटू पुढच्या भागात. राम राम!